मॅग्डेबर्गला तीन जर्मनांसोबत खोली मिळाली, त्यांची नियमांची यादी वाचून घरात महाभारत सुरू आहे

त्रिमूर्तीनगरवाली

नमस्कार. मी नागपूरची. मेकॅनिकल झालं, हिंगणा एमआयडीसीत थोडी नोकरी केली, आता ऑक्टोबरपासून जर्मनीत मॅग्डेबर्गला मास्टर्स. व्हिसा झाला, तिकीट झालं. होस्टेलचा नंबर काही लागला नाही, म्हणून वेबसाइटवर शोधून चार खोल्यांच्या एका फ्लॅटमध्ये एक खोली मिळवली. तिकडे याला वेगे म्हणतात. किचन-बाथरूम सगळ्यांचं मिळून, खोली आपापली. बाकी तिघं जर्मन आहेत, दोन मुली अन् एक मुलगा. (मुलगा आहे हे आजीला सांगितलेलं नाही. बाबांना सांगायचं काम आईने घेतलं आहे, म्हणजे बाबांनाही माहीत नाही असंच धरा.)

खोली द्यायच्या आधी त्यांनी व्हिडिओ कॉलवर माझा इंटरव्ह्यू घेतला. बाकी सगळं ठीक होतं, पण एकीने विचारलं, तू स्वयंपाक खूप करते का? मी म्हटलं, हो, रोज. तिघंही एकमेकांकडे पाहून हसले. कोणत्या अर्थाने हसले ते मला आजवर समजलं नाही. दुसऱ्या दिवशी खोली दिली म्हणून मेल आला, अन् मागोमाग ही यादी.

थंडीतसुद्धा दिवसातून दोनदा खिडकी पूर्ण उघडायची. खोलीत कपडे वाळत घालायचे नाहीत. आंघोळ झाल्यावर शॉवरची काच पुसायची, बाथरूमच्या फरशीवर पाणी सांडायचं नाही. कचरा वेगवेगळ्या डब्यांत, त्याचा वेगळा तक्ता जोडलाय. रात्री दहानंतर आणि रविवारी व्हॅक्यूम नाही, वॉशिंग मशीन नाही. फ्रिजमधला खालून दुसरा कप्पा माझा. आणि सगळ्यात शेवटी, उग्र वासाचं काही शिजवणार असाल तर किचनचं दार बंद अन् चिमणी सुरू.

ते शेवटचं मला लागलं. आईने यादी ऐकली अन् म्हणाली, "हे भाडेकरू ठेवून राहिले की सून करून राहिले?"

मामाचं म्हणणं, सोडून दे ती खोली. त्याच्या ओळखीतला एक पोट्टा त्याच गावात पाच भारतीयांच्या फ्लॅटमध्ये राहतो, भाडं बरंच कमी, भाजी-पोळी मिळते, भाषेचा प्रश्न नाही. माझ्या खोलीचं थंड भाडं २७० युरो, हीटिंग-पाणी धरून ३४०. डिपॉझिट ५४०.

सांगा, असे नियम खरंच पाळतात का तिथे, की मी बाहेरची म्हणून मला लिहून दिले? आमच्या घरी अंडंसुद्धा वेगळ्या गंजात शिजते, तिथे भांडी सगळ्यांची मिळून आहेत, त्याचं काय करू? मिक्सर, कुकर न्यायचा का? आई इतवारीतून किलोकिलोने मसाला आणून ठेवून राहिली, ते वेगळंच.

मिहानकर

मास्टर्ससाठी आखेनला होतो, पूर्ण वेळ अशाच वेगेत काढला. आता परत नागपूर, मिहानला नोकरी. तुझी यादी वाचून हसू आलं, कारण माझ्या किचनच्या दारावर हीच चिकटवलेली होती, फक्त तिच्यावर कॉफीचे डाग होते. बाहेरच्यांसाठी वेगळी नाही, सगळ्यांना तीच.

आता ती यादी परत एकदा वाच, पण पाण्याच्या नजरेने वाच. खिडकी, ओले कपडे, शॉवरची काच, फरशी, चिमणी. अर्ध्याहून जास्त नियम ओलीचे आहेत. आपल्या नागपूरकराच्या डोक्यात हे लवकर शिरत नाही, कारण आपलं उलट आहे. मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत आपण कूलरच्या वाळ्याच्या ताट्यांवर पाणी सोडतो अन् ओल पैसे मोजून घरात घेतो. गच्चीवर पाणी मारतो, अंगणात सडा टाकतो. पाणी सांडलं की घर गार झालं. तिथे हिवाळ्यात बाहेरून भिंत थंड, आतून हीटर, खिडक्या दुहेरी काचेच्या, फट म्हणून नाही. तू भात शिजवला, आंघोळ केली, टॉवेल वाळत घातला, रात्रभर नुसती झोपली तरी श्वासाची वाफ आहेच. ती बाहेर जात नाही. थंड कोपऱ्यात, कपाटाच्या मागे जाऊन बसते अन् तिथे काळी बुरशी धरते. एकदा धरली की घरमालक अन् भाडेकरू यांच्यात चूक कोणाची यावर पत्रापत्री सुरू होते, अन् तुझे ५४० युरो त्या पत्रापत्रीत अडकतात.

म्हणून खिडकी. पाच-दहा मिनिटं सताड उघडायची, तेवढ्या वेळात हीटर बंद, मग खिडकी लावून हीटर परत सुरू. खिडकी अर्धवट कलती ठेवून दिवसभर कॉलेजात जाऊ नको. हवा फारशी बदलत नाही, भिंत मात्र गार पडते अन् हीटिंगचं बिल वाढते. तिथल्या खिडकीची मूठ आडवी केली की खिडकी दारासारखी उघडते, वर केली की वरच्या बाजूने आत कलते. पहिल्यांदा कलली तेव्हा मला वाटलं बिजागरी निखळली, दोन्ही हातांनी धरून उभा होतो मी. रूममेट चहाचा कप घेऊन दारात उभा राहून पाहत होता.

हीटरच्या गोल बटणावर १ ते ५ आकडे असतात. ३ म्हणजे साधारण वीस डिग्री. ५ वर ठेवलं म्हणजे खोली लवकर तापते हा समज सोडून दे, ते फक्त कुठवर तापवायचं ते ठरवते. बर्फाच्या चांदणीची खूण असते ती पाइप गोठू नये एवढ्यापुरती.

बाथरूमचं नीट ऐक. बहुतेक घरांत फरशीला मोरीसारखं पाणी जायला छिद्रच नसते. बादली-मग्गा घेऊन आपल्यासारखी फरशीवर बसून आंघोळ केली तर पाणी खालच्या मजल्याच्या छतातून निघते. शॉवरच्या जागेतच काय ते. आत रबरी पट्टीचा वायपर लटकवलेला असेल, त्याने काच वरून खाली ओढायची, अर्ध्या मिनिटाचं काम आहे. तिकडच्या बऱ्याच गावांत पाणी जड असते, न पुसता ठेवलं की काचेवर पांढरे डाग धरतात अन् मग व्हिनेगर घेऊन घासत बसावं लागते. इलेक्ट्रिक किटलीतही तोच पांढरा थर येतो, घाबरू नको, नळाचं पाणी खुशाल पी.

आता तो शेवटचा नियम. तो तुझ्या हिंग-मोहरीसाठी खास लिहिला असं मनाला लावून घेऊ नको. त्यांच्यात चीज वितळवून खायचा एक प्रकार आहे, राक्लेट. आमच्याकडे एका शनिवारी झाला तर पुढचे दोन दिवस माझ्या जॅकेटला तो वास होता. अन् दार बंद ठेवायचं एक सरळ कारण आहे. झोपायच्या खोल्यांत अन् पॅसेजमध्ये धुराचा अलार्म कायद्याने लावावाच लागतो, किचनमध्ये सहसा नसतो. फल्लीचं तेल धूर सुटेपर्यंत तापवून त्यात लाल मिरची टाकली अन् दार उघडं असलं, तर पॅसेजमधला अलार्म बिल्डिंग डोक्यावर घेतो. चिमणी कोणती आहे तेही पाहून घे. बऱ्याच फ्लॅटमध्ये ती हवा बाहेर टाकत नाही, फिल्टरमधून फिरवून परत किचनमध्येच सोडते. वास कमी होतो, वाफ तशीच राहते. म्हणून दार बंद, खिडकी उघडी, मग फोडणी.

माणसांचं म्हणशील तर, त्यांना टोमणा मारता येत नाही. आपल्याकडे "आज कचऱ्याची पाळी कोणाची होती बरं?" असं भिंतीला विचारतात. तिथे रूममेट तुझ्या दारावर टकटक करून सांगेल, आज तुझी पाळी होती, तू कचरा नेला नाही. बस. अन् संध्याकाळी तोच केकचा तुकडा आणून देईल. पहिल्या बोलण्यावर खोलीत रुसून बसलीस तर त्याला पत्ताच लागणार नाही की तू रुसलीस. तूही तसंच बोल. पहिल्याच आठवड्यात एक कढई, एक गंज अन् एक सराटा आपल्या कप्प्यात ठेव अन् सांग की यात मांस-अंडं चालत नाही, हे फक्त माझं. कोणी तोंड वाकडं करत नाही, तिथे व्हीगन मुलं भरपूर आहेत, त्यांच्याही अशाच वेगळ्या कढया असतात.

मिक्सर ने. तिथेही २३० व्होल्ट अन् ५० हर्ट्झ, चालतो. आपली तीन पिनी त्यांच्या सॉकेटात बसत नाही, त्यासाठी बऱ्यापैकी अडॅप्टर घे, मिक्सरचे वॅट झेपतील असा, रस्त्यावरचा वीस रुपयांचा नको. रात्री दहा ते सकाळी सहा अन् रविवारी मिक्सर लावायचा नाही. रविवारी दुकानंही बंद, तेव्हा शनिवारीच दूध-ब्रेड आणून ठेव.

बुटीबोरी_ते_स्टुटगार्ट

मिहानकर दादा, तुमचं सगळं बरोबर, पण भारतीय फ्लॅट म्हणजे काहीतरी कमी, असा सूर मला पटत नाही. मी दोन तेलुगू अन् एका मराठी मुलीसोबत राहते. परीक्षेच्या आठवड्यात कोणीतरी खिचडी टाकलेली असते, ताप आला तर कोणीतरी दार ठोठावते. सेमिस्टर अंगावर येते तेव्हा घरी पोचल्यावरही परक्या भाषेत विचार करावा लागू नये, यात लाजण्यासारखं काही नाही. सगळ्यांनी जाऊन जर्मनच व्हावं असा नियम आहे का?

पण त्रिमूर्तीनगरवाली, मामा म्हणतात त्या फ्लॅटबद्दल एक गोष्ट आधी विचार. घरमालक किंवा मुख्य भाडेकरू तुला राहत असल्याचा सहीचा कागद देणार का? त्याला जर्मनमध्ये वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग म्हणतात, नावाला घाबरू नको, एक पानी फॉर्म असतो. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगरपालिकेच्या ऑफिसात पत्ता नोंदवावा लागतो अन् त्याला हा कागद लागतोच. व्हिसाचं पुढचं काम, टॅक्स नंबर, सगळं त्या नोंदणीवर चालते. मी आधी ज्या फ्लॅटमध्ये होते तिथे करारावर होती त्यापेक्षा जास्त माणसं राहत होती, त्यामुळे कागद द्यायची वेळ आली की आज देतो, उद्या देतो. भाडं कमी होतं ते त्याच्यामुळे. शेवटी तिथून निघाले. "बरंच कमी भाडं" म्हटलं की हे पहिले तपासायचं.

तुझ्या फ्लॅटमध्येही हेच विचार, तू थेट मालकाची भाडेकरू की त्या तिघांपैकी कोणाची पोटभाडेकरू? पोटभाडेकरू असशील तर मालकाची परवानगी घेतलेली असावी. डिपॉझिट कायद्याने थंड भाड्याच्या तिप्पट इतकं मागता येते, तुझं दुप्पट आहे, ठीक आहे. ते तीन हप्त्यांत भरायचाही हक्क असतो. खोलीचा ताबा घेताना भिंती, गादी, खिडकीची चौकट, सगळ्याचे फोटो काढ अन् त्याच दिवशी मेल करून टाक. सोडायची वेळ आली तर साधारण तीन महिने आधी लेखी कळवावं लागते, तुझ्या करारात काय आहे ते पाहून घे.

लेटरबॉक्सवर आपलं नाव लाव. हसू नको. तिथे फ्लॅट नंबर नसतो, पोस्टमन नाव पाहून पत्र टाकतो, नाव नसलं की पत्र परत. बँकेचं कार्ड, इन्शुरन्स, सगळं पत्रानेच येते. नोंदणी झाली की रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्रही येईल, महिन्याला १८.३६ युरो. टीव्ही नाही म्हणून सुटका नाही. पण ती घरामागे एकच असते, माणसामागे नाही. रूममेट भरत असतील तर त्यांचा नंबर कळवायचा अन् आपला चौथा हिस्सा द्यायचा.

अन् नुकसानभरपाईचा इन्शुरन्स काढ, हाफ्टप्फ्लिष्ट म्हणतात. किल्ली हरवणं त्यात आहे का ते बघून घे. बिल्डिंगच्या मुख्य दाराची किल्ली हरवली तर कधीकधी सगळ्या बिल्डिंगची कुलपं बदलायचा खर्च मागतात.

खामल्याच्या काकू

बेटा, माझा मुलगा तिकडेच आहे. आईला सांग, मसाला पाठव पण तूप, पेढे, खव्याचं काही भरू नको. दुधाचे पदार्थ अन् मांस बाहेरून न्यायला युरोपात बंदी आहे. आमच्या घरचं कढवलेलं तूप विमानतळावर डब्यासकट कचऱ्यात गेलं, मी इथे बसून रडले. संत्री तर नेऊच नको, ताज्या फळांना तपासणीचं सर्टिफिकेट लागते. कोरडं ते चालते. काळा मसाला, तिखट, हिंग, सुकं खोबरं, मेथ्या. पण पिशव्यांवर नाव लिहून नीट सील करून, नाही तर बॅगभर हळद होते.

कुरडया, पापड द्यायचा मोह मलाही झाला होता. तळायचं तेल तिथे कुठे टाकशील? सिंकमध्ये ओतता येत नाही, पाइप तुंबतो. थंड करून डब्यात भरून साध्या कचऱ्यात टाकावं लागते. मुलगा पापड भाजून खातो, कुरडया मात्र तशाच पडून आहेत.

आणखी एक आईसाठी. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांचं घड्याळ एक तास मागे जाते. साडेतीन तासांचा फरक साडेचार होतो. मी सकाळी सहाला उठून तुळशीला पाणी घातलं की फोन लावायची, तिथे तेव्हा रात्रीचे दीड वाजलेले. शेजारच्या खोलीतल्या मुलीने त्याला अगदी नीट शब्दांत सांगितलं, तुझी आई बरी आहे ना? रोज रात्री फोन येतो. आता मी आपल्या दुपारी बाराला लावते.

मिहानकर

काकू, तूप तिथेच करता येते. बिनमिठाचं लोणी कोणत्याही दुकानात मिळते, मंद आचेवर कढवायचं. माझ्या रूममेटना तो वास इतका आवडला की दार बंद करा म्हणणारेच किचनमध्ये येऊन उभे राहायचे.

बुटीबोरीवाली ताई, भारतीय फ्लॅटला मी नावं ठेवत नाही. माझं म्हणणं एवढंच की यादी पाहून पळू नये, कागद पाहून पळावं. या पोरीचा कागद नीट दिसून राहिला.

त्रिमूर्तीनगरवाली

सगळ्यांचे खूप आभार. अपडेट देते.

रूममेटना मेल टाकला. सरळ विचारलं, पत्ता नोंदवायचा कागद कोण देणार, अन् शेवटचा नियम माझ्यामुळे घातला का. कागद मालक देणार आहे, चौघांचीही नावं करारात आहेत. नियमाबद्दल त्या मुलाने लिहिलं की तो मागच्या रूममेटसाठी होता, तो रात्री अकराला मासे तळायचा. अन् व्हिडिओ कॉलवर हसले ते का, तर आदल्या दिवशीच्या इंटरव्ह्यूत एक जण म्हणाला होता, मला स्वयंपाक येत नाही पण खायला आवडते. त्यामुळे मी "रोज" म्हटल्यावर तिघांनी मला तिथेच निवडलं. आता त्यांनी विचारलंय की आठवड्यातून एक दिवस सगळ्यांसाठी एकाने करायचं, तू राहशील का त्यात. मी हो म्हटलं. सावजी मागू नका एवढं मात्र लिहून टाकलं, घरच्यांनाच ते तिखट झेपत नाही.

आईला काकूंचा मेसेज वाचून दाखवला. तुपाचा डबा फडताळात परत गेला. बाबांना त्या मुलाचं सांगून झालं. ते फक्त म्हणाले, मासे तळणारा गेला ना? आजी बाकी आहे.

शेवटचा प्रश्न, कुकर तीन लिटरचा घेऊ की पाच? घरी दोन मतं आहेत.

मिहानकर

तीन. एकटीला भरपूर, बॅगेतही बसतो. ॲल्युमिनियमचा घेऊ नको, शेगडी इंडक्शन निघाली तर त्यावर तापत नाही. स्टीलचा घे, बूड सपाट अन् इंडक्शनला चालणारं, मग काचेची साधी शेगडी असो की इंडक्शन, चिंता नाही. काचेवरून ओढायचा नाही, उचलून ठेवायचा, ओरखडे पडले की डिपॉझिटमधून कापतात. अन् पहिली शिट्टी व्हायच्या आधी तिघांना सांगून ठेव. आमच्याकडची मुलगी शिट्टी ऐकून मेन स्विच बंद करायला धावली होती.

बुटीबोरी_ते_स्टुटगार्ट

रबरी रिंगा दोन जास्तीच्या ने. आपल्या कंपनीच्या मापाची तिथे शोधत फिरावं लागते.